मीठ कमी असल्याची खूण

किसनसिंगला एक खोड होती. वस्तूतला दोष दिसला की सांगितल्यावाचून त्याला राहवत नसे. वाशिमच्या बाजारात तो घड्याळं, बाजाच्या पेट्या आणि गावातले मोजके रेडिओ दुरुस्त करायचा. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, त्यानं भटजींना सांगितलं होतं की तुमचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे. लग्न लागलं, पण बायको ती चार मिनिटं अजून विसरली नव्हती.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात जगदेव माळी दुकानात आला. डोक्यावर वांग्यांची टोपली, आणि वांग्यांच्या मधोमध बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

"हा डबा बोलत होता," जगदेव म्हणाला. "आता बोलत नाई."

किसनसिंगनं झाकण उघडलं. आत एक व्हॉल्व्ह, हातानं गुंडाळलेली कॉइल, एक खटका, आणि कुंभारमाशीनं मातीचं बांधलेलं ऐसपैस घर.

"कोनी केला हा?"

"माह्या इंद्रभाननं. तारेची परीक्षा द्याची होती त्याले. अकोल्याहून भंगार आनलं अन् केला."

"कथलाचे डाग लय कच्चे आहेत काका. अन् कॉइल वाकडी."

"वाकडी असन," जगदेव म्हणाला. "पन पोरगं पास झालं."

मग त्यानं सगळं सांगितलं. इंद्रभान मळ्याच्या पार टोकाला दारं धरायचा, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचा. हा डबा तिथं घेऊन बसायचा. कानाला लावायचं यंत्र तो रिकाम्या मडक्यात ठेवायचा, की आवाज विहिरीपर्यंत पोचायचा. हाक मारली असती तरी चाललं असतं. पण हाका मारून कोणी तारेची परीक्षा पास होत नाही. एक लांब आवाज म्हणजे भाकर आणा. तो आला की जगदेव मोट थांबवायचा आणि त्याची बायको तुळसाबाई टोपलं घेऊन निघायची. पुढं पुढं जगदेवला काही करावंच लागेना. पवळ्या बैल आवाज ऐकून आपणच थांबायचा.

"अन् जेवताना दोन बारके आवाज आले," जगदेव म्हणाला, "का समजाचं, मीठ कमी आहे. ते रोजच याचे. त्याची माय म्हने, 'उद्या टाकते.' अन् दुसऱ्या दिवशी पुन्ना कमीच."

इंद्रभान फौजेत तारवाला झाला. दोन वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून तो नाही आला, कागद आला.

"त्याची माय रडली नाई, किसनभाऊ. दोन वर्सं झाले. बाया म्हंतात, रडवा तिले, नाई तं छाती फुटन. अनसिंगहून तिची बहीन आनली, रंगूबाई. ते गळ्यात पडून इतकी रडली का बेसुद्द झाली. मंग माह्या बायकोनंच कांदा फोडून तिच्या नाकाले लावला. घरातल्या समद्याइच्या डोयात पानी. हिच्या नाई." जगदेवनं डब्यावर हात ठेवला. "हा एकडाव बोलला तं कदाचित..."

किसनसिंगनं डबा ठेवून घेतला. कुंभारमाशीला बेघर केलं, कॉइलची तुटलेली तार जोडली, गळका कंडेन्सर बदलला, सगळे डाग नव्यानं दिले. तेवढ्यावर थांबला तर तो किसनसिंग कसला? दुसरा व्हॉल्व्ह घातला, मडक्याच्या जागी मोडक्या ग्रामोफोनचा भोंगा बसवला, आणि आवाज जाड-बारीक करायला एक बटण लावलं. आता डबा इंद्रभानच्या वेळेपेक्षा चौपट मोठ्यानं बोलत होता. फक्त मूळ आवाज किती जाड होता, हे कोणालाच सांगता येईना.

"टिटवीपेक्षा जाड," जगदेव म्हणाला, "अन् बैलापेक्षा बारीक."

एवढ्या माहितीवर किसनसिंग भोंगा, बॅटऱ्या आणि डबा घेऊन मळ्यात गेला. इंद्रभान बसायचा त्याच जागी, शेवटच्या वाफ्यापाशी बसला. तिकडं जगदेवनं मोट सुरू केली. किसनसिंगनं खटका दाबला. बैल चालतच राहिले. बटण थोडं फिरवलं, पुन्हा दाबला. वांग्यातून दोन तितर उडाले, बैल चालतच राहिले. असं सात वेळा झालं. आठव्या आवाजाला पवळ्या उतारावर मधेच थांबला आणि मान वळवून टोकाकडं बघायला लागला.

किसनसिंगनं बटणावर पेन्सिलीनं खूण केली. यंत्र बैलाकडून तपासून घेतल्याचं त्याला काही वाटलं नाही. मान वर केली तेव्हा मात्र शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून तुळसाबाई येत होती. डोक्यावर टोपलं होतं.

तिनं टोपलं उतरवलं. भाकर आणि वांग्याची भाजी त्याच्यापुढं ठेवली आणि समोर बसली.

"जेव," म्हणाली.

किसनसिंगनं घास घेतला. भाजीत मीठ कमी नव्हतं, मीठ नव्हतंच. विसरलेल्या भाजीची चव वेगळी असते. ही सवयीनं अळणी होती. दोन वर्षं या घरात मीठ पडलं नव्हतं, आणि बायकोला आणखी दुःख नको म्हणून जगदेव दोन वर्षं मुकाट जेवत आला होता.

किसनसिंगनं दुसरा घास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक दोष लपवावासा वाटला. त्यानं तुळसाबाईकडं पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. तिची नजर खटक्यावरच्या त्याच्या बोटावर होती.

त्यानं खटका दाबला. दोन बारके आवाज.

"उद्या टाकते," तुळसाबाई म्हणाली.

ते तिच्या तोंडातून निघून गेलं. मग "उद्या" एवढंच पुन्हा म्हणाली, पदर तोंडात कोंबला, आणि तो पुरला नाही. तिचा आवाज भोंग्यापेक्षा लांब गेला.

जगदेव विहिरीवरून धावत आला. रडणाऱ्या बायकोपाशी उकिडवा बसला, मग हळूच भाजीत बोट बुडवून चाखलं, जणू दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"अवो, अळनी आहे," तो म्हणाला. "लय अळनी आहे वो. मी बोललो नाई तुले."

तुळसाबाईनं त्याच्या पाठीत एक बुक्की मारली आणि तिथंच डोकं टेकलं.

ताट टाकून उठणं बरं नव्हे, म्हणून किसनसिंग उरलेली भाजी खात राहिला. तिकडं पवळ्या उतारावर तसाच उभा होता, मान टोकाकडं वळवून.