सावडीचा दिवस

"हळू वडा. केस हायेत ते, दावं नाय," गिरजा म्हणाली.

तिचा नवरा धाकलू तिच्यामागे बसून वेणी घालत होता. कुठला पेड कुठल्या पेडावरून न्यायचा, हे त्याला पावणेदोन वर्षांत जमलं नव्हतं. जन्मभर भाताचे भारे बांधलेला माणूस. शेवटची गाठ मात्र पक्की मारायचा. त्या गाठीवरून पदर घेऊन गिरजा निघाली. ठाण्याच्या कामगार कोर्टात आज तिच्या हाताची तारीख होती. उजव्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा तेवढा उरला होता, आणि धरायला समोर कुणी नसल्यानं तो नुसताच ताठ उभा असायचा.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या डब्यांची झाकणं करणारा एक कारखाना होता. गिरजा तिथं सतरा वर्षं प्रेसवर उभी होती. पत्रा सरकवायचा, पायानं दाबायचं, वरचा ठोकळा धाडकन खाली, झाकण तयार. त्या ठेक्यावर ती मनातल्या मनात ओव्या म्हणायची. पलीकडच्या मशीनवर अनिता. दोघी एकाच गावच्या, दोघींच्या शेतांना एकच बांध. आवणीच्या दिवसांत भाताची रोपं लावताना गिरजा त्या बांधावरून ओवी टाकायची:

तुझ्या गं शेतावर आज माझी आवणी,
उद्या माझ्या बांधावर तूच गं पाव्हणी.

गावात आवणीला कुणी मजूर लावत नसे. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. सावड. बायकांनी हीच रीत कारखान्यात नेली होती. आवणीला रजा मिळत नसे, आणि रोप काही साहेबाच्या सहीसाठी थांबत नसे. मग जिची आवणी असेल ती शेतात जायची आणि त्या दिवशी जिची सुट्टी असेल ती तिचं हजेरीचं कार्ड दाबून तिच्या मशीनवर उभी राहायची. सुपरवायझरला सगळं ठाऊक होतं. झाकणं पडतायत ना, मग कार्ड कुणाचं का असेना. चाळीस बायकांच्या त्या खात्यात दुसरीचं कार्ड न दाबलेली एकही नव्हती.

आषाढातल्या एका मंगळवारी अनिताची आवणी होती आणि गिरजाची सुट्टी. गिरजा अनिताच्या कार्डावर गेली. दुपारच्या जेवणाआधी ठोकळा तिच्या हातावर आला.

दवाखान्यात नेताना गाडीतच सुपरवायझरनं सांगितलं होतं, घरी लागलं म्हण, नाहीतर तुझीही नोकरी जाईल आणि अनिताचीही. फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे बघत गिरजानं मान हलवली होती. मान हलवली, की झालं. कागदावर आलं, घरी पेंढा कापायच्या यंत्रात हात गेला. युनियनचा सेक्रेटरी महिपत यानं भरपाईचा दावा लावला, तेव्हा कंपनीनं तोच कागद पुढं केला. बाई त्या दिवशी सुट्टीवर होती. मशीनवर अनिता होती. अनिताचे दोन्ही हात धड आहेत.

महिपतनं तो कागद वाचून दाखवला तेव्हा गिरजा म्हणाली होती, "माझ्या दावणीला ना बैल ना गाय. पेंढा मी कापत कुनासाठी होते? ह्यांच्यासाठी?" शेजारी बसलेला धाकलूही हसला होता. मग कुणीच हसलं नाही.

खात्यातल्या बायका घरी येऊन गेल्या. कुणी तांदूळ आणला, कुणी अंडी. पाठीवरून हात फिरवून रडल्या. पण कोर्टात येऊन सांगा म्हटलं, की घरचं काहीतरी निघे. एकीनं तोंड उघडलं तर चाळिसांची कार्डं उघडी पडणार होती. महिपतनं तिला खरं तेच सांगितलं, "वैनी, युनियन तुझ्यापाठी हाय. पन युनियन म्हंजे तरी ह्याच बाया."

भरपाई मिळाली तर गिरजाला हवीच होती. पण त्याहून तो पेंढा तिच्या घशात अडकला होता. सतरा वर्षं पहाटेची भाकर बांधून ती कामावर गेली, आणि हात गेला तो म्हणे घरी बसून. "हात कामावर गेला," ती महिपतला सांगायची, "यवढं एक कुटंतरी लिवलं पायजे."

अनिता त्या आषाढात एकदाच आली होती. कुणाला न विचारता गिरजाच्या शेतात उतरली, तीन दिवसांत सगळी आवणी उरकली आणि चिखलाचे पाय तसेच घेऊन निघून गेली. सावड फिटली होती. त्यानंतर ती गिरजाला टाळू लागली. कंपनीनं तिला आपल्या बाजूची साक्षीदार केलंय, हे महिपतकडूनच कळलं.

आणि काल तिन्हीसांजेला ती दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच बसली.

"माझ्या समीक्षाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय."

"तिचे बाबा म्हन्तात, नोकरी घालवून आलीस तर या घरात येऊ नको."

"मग कंपनी सांगंल तसं सांग उद्या. मी काय तुला वडत नेतेय?"

"तू रागाव तरी गो."

"रागावून बोटं फुटतील?"

अनितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "माझ्या मशीनचं पायडल हलकं हाय," ती खाली बघत म्हणाली. "दाबायला नको, निस्ता पाय टेकला तरी ठोकळा सुटतो. मला ठावं होतं. त्या दिवशी रोपं काढायच्या गडबडीत तुला सांगायचं ऱ्हायलं."

पावणेदोन वर्षं गिरजा तो क्षण रोज उलगडून पाहत होती. आपलं चित्त कुठं होतं? ओवी म्हणत होते म्हणून झालं का? त्या संशयापायी तिनं ओव्या म्हणायचं सोडलं होतं. दळताना नाही, निवडताना नाही, शेजारच्या बारशालासुद्धा नाही.

"म्हंजे माझी चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली.

अनितानं मान हलवली.

"च्या ठेवते," गिरजा म्हणाली आणि डाव्या हातानं पातेलं ओढलं.

ठाण्याला कोर्टाच्या दारात गिरजा आणि महिपत उभे असताना कंपनीची गाडी आली. अनिता तिच्यातून उतरली. कंपनीच्या वकिलामागून खाली मान घालून ती गिरजाच्या अंगावरूनच आत गेली. महिपतनं हातातली फाइल मिटली.

अनिताची शपथ झाली. त्या मंगळवारी मशीनवर कोण होतं, असं वकिलानं विचारलं.

"कार्ड माझं होतं," अनिता म्हणाली.

म्हणजे तुम्हीच होतात, असं वकील म्हणाला.

"नाय. मी माझ्या शेतात होते. आवणी होती. माझ्या मशीनवर गिरजा होती. हात तिचा गेला, तो कामावर गेला."

वकिलाचा आवाज चढला. तुम्ही कंपनीला फसवलंत असं लिहू का, असं त्यानं विचारलं. लिवा, असं ती म्हणाली. आणखी कोण कोण असं करतं, त्यांची नावं सांगा, असं त्यानं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, मला माझं ठावं. याचा नोकरीवर काय परिणाम होईल ते कळतंय ना, हे न्यायाधीशांनीही एकदा विचारलं. कळतंय, असं म्हणून तिनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

वकिलानं लगेच दुसरी वाट धरली. दुसरीच्या नावावर आत शिरलेल्या बाईला कंपनी काय म्हणून भरपाई देईल? त्यावर पुढची तारीख पडली, कोर्टाच्या सुट्टीनंतरची, जूनमधली. भरपाई मिळेल का, हे महिपतला सांगता येईना.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर आला, साहेबांनी मागितलंय म्हणाला. अनितानं गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. गाडी तिला न घेताच गेली. तिनं गाडीकडे पाहिलं नाही. नुसता गळ्याभोवती हात फिरवला, जिथं फितीचा पांढुरका वळ उमटला होता.

महिपत साक्षीच्या कागदाची प्रत घेऊन आला आणि कल्याणच्या गाडीचं बघायला गेला. गिरजाला वाचता येत नव्हतं. तिनं कागद अनितापुढं धरला.

"कामावर कुटं लिवलंय?"

अनितानं शोधून त्या शब्दावर बोट टेकवलं. वरच्या पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडत होता, मांडीवर ठरत नव्हता. गिरजानं डावा तळवा त्या ओळीवर दाबून धरला. खालचं बोट अनितानं काढून घेतलं नाही. महिपत परत येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.