गालिच्याचे वेढे

गुंडाळीचं एक टोक उचलायचं आणि वजनावरून गालिच्याची लांबी सांगायची, ही आमच्या दुकानाची जुनी रीत. माझे दीर त्यात स्वतःला उस्ताद समजतात.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला सभागृहासाठी चाळीस मीटरचा सलग तुकडा हवा होता. दिरांनी कोपऱ्यातली गुंडाळी उचलून पाहिली. "पस्तीसच्या वर नाही जायची."

हा गालिचा नेहमीपेक्षा अरुंद होता, म्हणजे तेवढ्याच लांबीला वजन कमीच लागणार. ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"भाऊजी, मोजू या की."

"आणि उलगडायची कुठे, वहिनी? माझ्या डोक्यावर?"

माझं डोकं सणकलं. मी टेप घेतला. गुंडाळीच्या मधल्या नळीला लागून असलेला सगळ्यात आतला वेढा चाळीस सेंटीमीटर भरला, सगळ्यात बाहेरचा एकशे साठ. गालिच्याची जाडी सगळीकडे सारखी, म्हणून प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा तेवढ्याच फरकाने मोठा. म्हणजे सरासरी वेढा एक मीटरचा. कडेवरून मोजले तर वेढे बेचाळीस.

"बेचाळीस मीटर आहे," मी गिऱ्हाइकाला सांगितलं. "घेऊन जा."

"तोंडघशी पडाल," दीर म्हणाले आणि ते बघायला मुद्दाम आमच्यासोबत सभागृहात आले.

सभागृहाच्या दारातून ढकललेली गुंडाळी उलगडत थेट मंचाला टेकली, तरी नळीवर गालिचा उरलाच.

उरलेले दोन मीटर मी कापून आणले आणि दुकानात त्यांच्या खुर्चीखाली अंथरले. हल्ली गुंडाळी उचलायला वाकले की त्यांची नजर आधी पायाखाली जाते. मग मला हाक येते, "वहिनी, जरा टेप घेऊन या."