तीन गाठींचे गाठोडे

मी एक जुना फुगा आहे. वाढदिवसाला दारात टांगतात आणि दुसऱ्या दिवशी सुरकुततात, त्यातला नव्हे. मित्रांनो, पूर्ण फुगलो की मी चार मजली इमारतीएवढा उंच व्हायचो आणि विमाने माझ्या कितीतरी खालून जायची. आज मी कारखान्याच्या तपासणी खोलीत, मागच्या फळीवर पडून आहे. माझ्यावर मोठे तपकिरी डाग आहेत. ते कोणी पुसायचे नाहीत, असा मावशीचा हुकूम आहे.

मावशी म्हणजे मला जोडणारी बाई. कारखान्यात तिला सगळेच मावशी म्हणत. तिचा धाकटा भाऊही तिथेच कामाला होता, म्हणून तो आपोआप सगळ्यांचा मामा झाला. वयाने मोठे कारागीरही त्याला मामाच म्हणत आणि तो लाजत असे.

माझे अंग फार नाजूक, पातळ प्लास्टिकचे. म्हणून आमच्या दालनात सगळे जाड लोकरी मोजे घालून चालत. अंगठ्या-बांगड्या दाराबाहेर ठेवत. मावशी रोज सकाळी सगळ्यांची नखे तपासायची आणि वाढलेली दिसली की साहेबालाही परत पाठवायची.

जन्मल्यावर मी पहिले काय पाहिले असेल, तर मरण. माझ्या आधी तयार झालेल्या फुग्याला त्यांनी गोठवणाऱ्या खोलीत नेले आणि फुटेपर्यंत हवा भरली. तो ताणत गेला, कण्हला आणि असा फाटला की भिंती हादरल्या. मावशी त्याच्या चिंध्या टेबलावर पसरून भिंगातून बघत बसली. "गेला बिचारा," ती म्हणाली, "पण कुठे फाटला ते सांगून गेला."

यातूनच तिचा नियम आला होता. आकाशातून पडलेला फुगा जागेवर उघडायचा नाही. धूळ लागली, कुणाचे नख लागले, की नवी भोके पडतात आणि ज्या भोकाने तो पडला ते सापडत नाही. म्हणून त्याची लांब घडी घालायची, त्याची लाल हवाई छत्री आत गुंडाळायची आणि दोरीने तीन गाठी मारायच्या. "डोकं, कंबर, पाय," ती प्रत्येक गाठीला म्हणायची. त्या गाठी सोडायच्या फक्त तिच्या टेबलावर, तिनेच. मामा हे काम तिच्याकडूनच शिकला. पडलेले फुगे शोधून आणणे ही त्याची नोकरी होती आणि त्याने आणलेली एकही गाठ कधी वाटेत सुटली नव्हती.

मला सोडले त्या दिवशी वाऱ्याने दोनदा जमिनीवर आपटले. तिसऱ्यांदा मी सुटलो आणि वर, काळ्या आभाळाच्या कडेला जाऊन पोहोचलो. तिथली थंडी हाडे फोडणारी आहे. मला हाडे नव्हती म्हणून वाचलो. माझ्या खाली एक दरी होती. तिथे फोनच्या तारा पोहोचल्या नव्हत्या, मनोरे उभे राहिले नव्हते. पोटाखालच्या यंत्रातून मी तिथे इंटरनेट पोहोचवू लागलो.

एकदा दरीतल्या दुकानदाराची बायको अडली. दवाखान्यात एकटी नर्सबाई होती. तिने फोन उशाशी उभा केला आणि शहरातली डॉक्टरीण माझ्यामार्फत तिला एकेक पायरी सांगत गेली. मूल निळे पडले होते, नर्सबाईने पाठीवर थापटून थापटून त्याला रडवले. मुलगी झाली. दुकानदार अंगणात आला आणि आभाळाकडे बघून ढसाढसा रडला. मी आधीच फुगलेला, त्या दिवशी आणखी फुगलो.

निरोपात काय लिहिले आहे, ते मी कधी वाचत नसे. निरोप्याने पाकीट फोडायचे नसते, असे मला वाटे. याचा मला मोठा अभिमान होता.

पाचव्या महिन्यात माझ्या अंगाला कुठेतरी बारीक चीर गेली. मी खाली येऊ लागलो. ढगांत शिरलो तेव्हा गारांनी मला झोडपून काढले. छत्री उघडली, पण वाऱ्याने छत्रीसकट मला काटेरी झाडांतून फरफटत नेले. माझ्या जागी लगेच माझा धाकटा भाऊ, म्हणजे माझ्यामागून सोडलेला फुगा, सरकला आणि दरीतले फोन बंद पडले नाहीत. बंद पडले असते तर किती बरे झाले असते!

दोन दिवसांनी मामा आला. गाडी चालवायला सोबत 'रेडिओ' होता. त्याची बडबड कधी थांबत नसे, म्हणून हे नाव. दोघांनी मला काट्यांतून सोडवले. मामाने छत्री आत घालून माझी घडी घातली. दहा-बारा वर्षांच्या मुलाएवढे माझे गाठोडे झाले. डोके, कंबर, पाय. काट्यांनी रेडिओचा दंड फाटला होता, म्हणून तो पट्टी बांधायला दवाखान्यात गेला आणि मामा पाण्यासाठी दुकानासमोर थांबला.

त्या आठवड्यात दरीतल्या फोनांवर मुले पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. मूल मात्र एकाही घरातले हरवले नव्हते.

दुकानदाराने गाडीत डोकावून पाहिले. पांढरे गाठोडे, तीन ठिकाणी बांधलेले, आणि एका टोकातून बाहेर आलेले लाल कापड.

"काय आहे हो यात?"

"फुगा आहे. इंटरनेटचा."

"एवढा मोठा? बघू जरा."

"हात नका लावू, दादा! नख लागेल. हे इथे नसतं उघडायचं. आमच्या ताईच्या टेबलावरच उघडतं."

"ताई कोण?"

"आहे एक. तिच्याशिवाय कुणी गाठ सोडत नाही," मामा कौतुकाने म्हणाला.

दुकानदाराने फोटो काढला. आत जाऊन पाळण्यातल्या मुलीला छातीशी धरले आणि एका हाताने लिहिले, "लहान मुलाचं प्रेत घेऊन टोळी आली आहे. ताई नावाची बाई म्होरकी. पुढे पाठवा." तो निरोप माझ्या भावाने वाहून नेला. पाकीट न फोडता, अगदी मी शिकवले तसे.

मामाचे पाणी पिऊन होईपर्यंत दोन्ही बाजूंचा रस्ता माणसांनी भरला. कुणाच्या हातात फावडे, कुणाच्या हातात दाराचा अडसर.

"कर नाही त्याला डर कशाला? सोड गाठ!" कुणीतरी ओरडले.

मित्रांनो, एक गाठ सोडली असती तर मामा वाचला असता. पण नोकरीच्या बावीस वर्षांत न सोडलेली गाठ त्याच्या हाताला सोडवेना. तो गाडीच्या दारात आडवा उभा राहिला. "अहो, भोक हरवेल!" तो म्हणाला. कारखान्यात या वाक्याला अर्थ होता. त्या रस्त्यावर कुणाला तो कळणार?

पहिला दगड त्याच्या दातांवर बसला. मग त्याला केसांना धरून खाली ओढले. साप साप म्हणून भुई धोपटणारे असतात, हे माणूस धोपटत होते. फावड्याच्या पात्याने त्याचा हात मोडला, अडसराने बरगड्या. आता मात्र मामा ओरडत होता, "सोडा! गाठ सोडा, बघा, प्लास्टिक आहे!" पण त्याचे तोंड रक्ताने भरले होते आणि सोडायला कुणाचा हात मोकळा नव्हता. जो तो मारत होता, नाहीतर फोटो काढत होता. दुकानदार सगळ्यांत पुढे होता. त्याच्या मुलीचा श्वास माझ्यामार्फत आला होता, आणि मी हातभर अंतरावर पडलो होतो. मला ओरडता येत नव्हते.

नर्सबाई धावत आली, मागून रेडिओ. ती गर्दीतून वाट काढत गाडीत चढली आणि पट्ट्या कापायच्या कात्रीने तिने माझ्या तिन्ही दोऱ्या कापल्या. मी भसकन बाहेर सांडलो. रस्ताभर नुसते पांढरे प्लास्टिक, त्यात एक लाल छत्री.

"बघा! बघा आता!" ती किंचाळली. "कुठंय मूल?"

उगारलेली फावडी खाली झुकली. कुणी कुणाकडे पाहीना. दुकानदार फोनमधला फोटो पुसू लागला. नर्सबाईने मामाच्या मानेला बोटे लावली, बराच वेळ तशीच ठेवली आणि मग काढली.

शवासाठी वाहन तिथे नव्हते. एकाही घरातून चादर आली नाही, सगळी दारे बंद झाली होती. शेवटी रेडिओने मामाला माझ्यातच गुंडाळले. त्याला एकच बांधणी येत होती. दोरीचे तुकडे जोडून त्याने तीन गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी कारखान्यात शिरली. वाटेत फोन लागत होता, पण रेडिओने तो कुणालाच केला नव्हता. मावशी मोज्यांतच बाहेर आली.

"आलात का रे? आणि हे काय, केवढं लांब गुंडाळलंय! घडी घालायची अक्कल गेली कुठे? मामा कुठंय, बोलवा त्याला." परत आलेल्या प्रत्येक फुग्याला थोपटायची तिची सवय होती. तिने मला थोपटले. हात कमरेच्या गाठीवर थांबला.

रेडिओ कसाबसा म्हणाला, "मावशी, इथे नको."

ती म्हणाली, "हे इथंच उघडायचं असतं." मला तिच्या टेबलावर ठेवायला लावले आणि डोक्याकडची गाठ तिने स्वतः सोडली.

नर्सबाईने माझा उघडा फोटो टाकून लिहिले होते, "हे प्लास्टिक होते. माणूस निरपराध होता." तो निरोप अकरा जणांनी पुढे पाठवला. पहिला फोटो अजून फिरतो आहे. परवाच तो आणखी एका दरीत पोहोचला, असे रेडिओ सांगत होता. हल्ली तो एवढेच बोलतो.

मित्रांनो, मी फुगा आहे, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. कुणी बांधलेले गाठोडे तुमच्या फोनवर पाठवले, तर पुढे ढकलण्याआधी एक गाठ सोडून बघा. आत माझ्यासारखे नुसते प्लास्टिक निघेल, आणि कुणाचा तरी भाऊ घरी येईल.