शहाबानो कबरस्तानात जाते

फकीरभाईंना जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी शहाबानोनं नवऱ्याची कबर पाहिली नव्हती. त्यांच्या घरातल्या बायका कबरस्तानात जात नसत. मयत निघाली त्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच मागं फिरली. पुढं तिनं कुणाला काही विचारलंही नाही.

विचारलं ते शेजारच्या कुशाबाईनं. मांडवगण फराट्यात तिची शेवंतीची शेती. विहिरीवरची मोटर जळली, की फकीरभाई हातातला घास ठेवून यायचे आणि जळालेल्या तारा काढून मोटर नव्यानं भरून द्यायचे.

"भाऊंच्या कबरीवर फुलं घालावी म्हंते. चल की संगं," कुशाबाई म्हणाली.

"आमच्यात बायका जात न्हाईत."

"का गं?"

पासष्ट वर्षांत हे शहाबानोला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं मुलाला, शोएबला गाठलं आणि तेच विचारलं.

"तसं लिहिलेलं हाय, अम्मा."

"कुठं?"

"हाय कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजी कुठं, ते शिरूरच्या मौलानांनाच विचारू की," सून तहमीना पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासू-सून एसटीनं शिरूरला गेल्या. मौलानांनी नीट ऐकून घेतलं.

"आधी सगळ्यांनाच मनाई होती," ते म्हणाले. "मग पैगंबरसाहेबांनीच सांगितलं, आता जात जा, आखिरतची, मरणानंतरच्या जगाची आठवण राहते. एकदा एक बाई कबरीपाशी रडताना त्यांना दिसली. त्यांनी तिला हाकललं नाही. अल्लाहचं भय धर, सबर कर, एवढंच म्हणाले."

"मग लोक न्हाई का म्हंत्यात?"

"कबरींवर सारख्या जाणाऱ्या बायकांवर लानत, शाप आहे, अशीही पैगंबरसाहेबांची हदीस आहे. म्हणून काही आलिम, धर्माचे जाणकार, म्हणतात, बायकांनी जाऊच नये. काही म्हणतात, ऊर बडवायला नको, सलाम करायला जावं. मला दुसरं पटतं. जा, सलाम करा, दुआ मागा, परत या."

"आन् दोन शब्द बोलले तर?"

"काय बोलणार?"

"ते न सांगता गेले, म्हणून जरा..."

मौलानांनी दाढीवरून हात फिरवत हसू लपवलं. "हळू आवाजात बोला."

जुम्म्याच्या सकाळी तिघी निघाल्या. कुशाबाईकडं शेवंतीची पाटी. शोएब पुढं चालत होता, कुणी बघत तर नाही ना, असं इकडंतिकडं पाहत. लिंबाखाली तो थांबला.

"ही." मग दोन पावलं सरकला. "न्हाई... ही असंल."

दोन्ही उंचवट्यांवर गुडघ्याएवढं गवत माजलं होतं.

"शोएब, तू शेवटचा कवा आला हुतास?" शहाबानोनं विचारलं.

शोएब चपलेकडं बघत राहिला. "चाळिसाव्या दिवशी."

"वा रं वा! ज्याला मोकळीक हाय त्यो येत न्हाई, आन् जिला यायचंय तिला मनाई!"

कुशाबाईला हसू आवरेना. तहमीनानं ओढणीत तोंड लपवलं. शोएबही शेवटी हसला, कान लाल झालेले.

कुशाबाईनं नवऱ्याला, मारुतरावांना फोन लावला. ते दफनाला आले होते.

"मी सोता माती दिलीय की!" ते फोनवरच ओरडले. "लिंबापासनं दुसरी. डोक्याशी काळा दगड ठेवलाय, गवतात बघा."

शोएबनं गवत उपटलं. दगड निघाला.

शहाबानो खाली बसली. तिनं सलाम केला, हात उचलून दुआ मागितली. सव्वा वर्ष साठवलेल्या तक्रारी ओठांवर येतील असं तिला वाटलं होतं, पण एकही आठवेना. डोळे भरून आले. ते पुसून ती हळूच म्हणाली, "तुम्ही गेल्यापासनं कुशीची मोटर दोनदा जळली. शिरूरचा माणूस तीन-तीन दिवस येत न्हाई बघा."

"चार दिवस!" मागून कुशाबाई म्हणाली.

मग दोघींनी मिळून फुलं घातली. पाटीत अजून दोन ओंजळी उरल्या होत्या. शहाबानोनं शेजारच्या कबरीकडं पाहिलं.

"हे कोण रं?"

"म्हाईत न्हाई, अम्मा."

"मग त्यांचंबी गवत काढ. त्यांच्याबी घरात कुणीतरी तुझ्यासारखाच असंल."

शोएबनं बाह्या वर केल्या आणि गवताला हात घातला.