पलीकडे खोली नसलेला दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. दचकलात? दचकू नका, ते काम माझ्याकडे आहे. जन्मभर लोकांनी मला ठोठावलं, आपटलं, लाथेनं उघडलं, आणि दर वेळी माझ्या फळ्यांतून आधी शिरशिरी गेली नि मग आवाज निघाला. सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

माझी उंची माणसाच्या छातीइतकी. चौकटीखाली चार चाकं. माझ्या अलीकडे जी खोली आहे, तीच पलीकडे. मला उघडून आजवर कुणी कुठे पोचलेलं नाही. तरी निम्म्या अमेरिकेनं माझ्यामागे हवेल्या, तुरुंग, दवाखाने आणि भुताटकीचे बंगले पाहिले आहेत. डोळ्यांनी नव्हे, कानांनी. शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर मी श्रुतिकांमध्ये काम करत असे.

मूळचा मी विस्कॉन्सिनचा ओक. एका जुन्या घराच्या कोठीला बसवलेला होतो. तिथे माझ्या कुरकुरीपायी मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, कारण जॅम चोरायला आलेलं पोर हमखास पकडलं जायचं. रस्त्यासाठी ते घर पाडलं तेव्हा एमेट टायरल नावाचा माणूस लाकडाच्या ढिगाऱ्यापाशी आला. हा रेडिओवर आवाज करणारा. श्रुतिकेतली पावलं, वादळं, घोडे, पेले, सगळं तोच वाजवायचा. त्यानं मला तिथेच आडवा धरून बिजागरीवर दोनदा हलवलं, कान लावला आणि म्हणाला, "कुरकुर चांगली आहे."

माझ्या अवगुणाची अशी तारीफ पहिल्यांदाच झाली. त्या भरात, पुढे त्यानं मला कमरेतून कापलं, तेही मी त्याला माफ केलं.

मग त्यानं मला कडी दिली, साखळी दिली, ठोठावायला पितळी कडं दिलं, घंटा दिली, आणि मोठ्या किल्लीचं एक जाडजूड कुलूप बसवलं. सकाळी रडण्याची मालिका असायची. तिच्यात सुना माझ्यातून माहेरी जायच्या. गुरुवारी विनोदी कुटुंबाचा खेळ. त्यातल्या आत्याबाई जेवणाच्या वेळेला नेमक्या माझ्यावर धडकायच्या. मंगळवारी रहस्यकथा. मंगळवारची मला सोमवारपासूनच धास्ती.

एमेट म्हणायचा, माणूस तोंडानं खोटं बोलतो, दार लावताना बोलत नाही. रागावलेला दार सोडून देतो. लाजलेला शेवटचं बोटभर अंतर हातानं मिटवतो. ज्याला परत यायचं असतं, तो मूठ जरा जास्त वेळ धरून ठेवतो. मी नुसतं लाकूड, पण हे सगळं मला त्याच्या हातातून कळत गेलं.

नटांचीही गंमत. एकोणीस वर्षांच्या घाबरलेल्या नायिकेचं काम वेल्मा हार्टिगन करायच्या. वय बावन्न, गुडघे दुखरे, मायक्रोफोनसमोरसुद्धा हातात विणकाम. खुनी असायचा ऑगी व्होयचिक. मुंगीला वाट सोडून चालणारा जाडा माणूस, पण पंधरवड्याला सरासरी एक खून त्याच्या नावावर. त्याची बायको खसखस भरलेले गोड रोल करून द्यायची. खून झाला की ऑगी ते सगळ्यांना वाटायचा.

लढाई सुरू झाली आणि एमेट आरमारात गेला. जाताना मला थोपटून गेला. त्याच्या जागी वरच्या मजल्यावरच्या टंकलेखन विभागातून एक मुलगी आली. ऑर्फा लिंडक्विस्ट. कॉलेज शिकलेली, काटकुळी, आणि इतकी भित्री की कुणी मागून नाव घेतलं तरी हातातलं पडायचं. तिला पाहून मी सुस्कारा सोडला. म्हटलं, आता दोघं झालो.

पहिल्या महिन्यात तिनं दोन चुका केल्या. विनोदी खेळात दाराच्या घंटेऐवजी टेलिफोनची वाजवली. आत्याबाई फोनमधून घरात शिरल्या आणि लोक पोट धरून हसले. दुसरी चूक रडण्याच्या मालिकेत. बर्फातली पावलं म्हणजे मक्याच्या पिठाची पिशवी दोन्ही हातांनी दाबायची. ऑर्फानं ती इतकं मन लावून दाबली की पिशवी फुटली, आणि नवऱ्याच्या अंत्ययात्रेत वेल्माबाई तीनदा शिंकल्या.

दिग्दर्शक थॅडियस पेक काचेच्या खोलीतून बाहेर आले. ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं, असं सगळ्यांना वाटे.

"मिस लिंडक्विस्ट, हसण्याच्या खेळातली चूक हसण्यात खपते. रडण्याच्या खेळातली शिंकेत गेली. रहस्यातली चूक कुठे खपवायची, मला माहीत नाही. वर तुमचा टाइपरायटर अजून तुमची वाट बघतोय. तिसरी चूक झाली की त्याला आनंद होईल."

त्या दिवशी सगळे गेल्यावर ती माझ्या चौकटीला टेकून बसली. "घरी सगळ्यांना माहीत आहे मी भित्री आहे," ती मला म्हणाली. "तिथे त्याचा उपयोग काय? इथे निदान कळतं मला, भीतीचा आवाज कसा असतो ते. मला वर नाही जायचं." मी हलकेच करकरलो.

आणि मंगळवार आला.

श्रुतिका अशी होती. गावातला सज्जन डॉक्टर हाच खुनी असतो, हे नायिकेला कळलेलं असतं. ती पोलिसांना फोन करायला जाते. इतक्यात दार उघडून डॉक्टर आत येतो, फोनवर गोळी झाडतो, मग उघड्या दारात उभा राहून दीड पान कबुलीजबाब देतो आणि निघून जातो. त्या दीड पानात सगळं रहस्य होतं. ते ऐकायलाच लोकांनी तीन आठवडे मंगळवार धरून ठेवला होता.

तोवर ऑर्फा गोळीचा आवाज लाकडी पट्टी चामड्याच्या उशीवर मारून काढायची. त्या दिवशी तालमीत पेकसाहेब म्हणाले, "हे उशीवर पट्टी मारल्यासारखं ऐकू येतंय."

"सर, ती उशीवर पट्टीच आहे."

"म्हणूनच," म्हणून त्यांनी तिच्यासमोर पिस्तूल ठेवलं. फुसक्या गोळ्यांचं, पण बार खरा.

संध्याकाळी साडेपाचला प्रक्षेपण सुरू झालं. तेव्हा सगळं थेट चालायचं. तोंडातून गेलेलं गेलं. ऑर्फाच्या डाव्या हातात पिस्तूल, उजव्या हातात माझी मूठ, आणि मुठीला घाम. तिनं मला उघडलं. ऑगी आत आला, म्हणजे मायक्रोफोनपाशी एक पाऊल पुढे सरकला. वेल्माबाई पुटपुटल्या, "डॉक्टर, तुम्ही?" ऑर्फानं डोळे मिटले आणि चाप ओढला.

बार झाला. ती दचकली. आणि दचकताना तिच्या उजव्या हातानं मला धाडकन आपटलं.

आता विचार करा. रेडिओवर दार आपटलं की माणूस गेला. ओहायोतल्या, मेनमधल्या घराघरात डॉक्टर फोन फोडून निघून गेला होता. आणि इथे ऑगी हातात दीड पान कबुली घेऊन उभा. काचेपलीकडे पेकसाहेबांनी दोन्ही तळवे कपाळाला लावले. ऑर्फा पांढरीफटक. शांतता वाढत चालली होती, आणि रेडिओवर शांततेइतकं भयंकर काही नाही. मला वाटलं, आपण उभ्या उभ्या चिरलो तर बरं.

वेल्माबाईंनी विणकामावरून नजर उचलली. माझ्याकडे पाहिलं, ऑगीकडे पाहिलं. मग एकोणीस वर्षांच्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "दार... दार का लावलंत, डॉक्टर?"

ऑगीच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. तो सावकाश म्हणाला, "बाहेर गारठा आहे, बाळ. आणि आपलं बोलणं जरा लांबणार आहे."

मी आतून लागलो होतो. इतकी वर्षं मिटत आलो, पण मिटलेलं दार कोणत्या बाजूला माणूस ठेवतं हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

खेळ निभावला. प्रक्षेपणाचा लाल दिवा विझला. पेकसाहेब बाहेर आले, आणि ऑर्फा आपली पर्स शोधू लागली.

"बसा," ते म्हणाले. "साडेआठ वाजता हेच पुन्हा करायचं आहे."

आमच्याकडे रीतच तशी. पश्चिम किनाऱ्यावरची घड्याळं मागे असतात. तिकडच्या लोकांनाही जेवणवेळेलाच खेळ हवा, म्हणून तीन तासांनी तोच खेळ पहिल्यापासून पुन्हा करायचा.

"कागदावर आहे तसं करायचं, की झालं तसं?" ऑगीनं विचारलं.

"झालं तसं," वेल्माबाई म्हणाल्या. "माझ्या अंगावर काटा आला हो. या वयात येत नाही सहसा."

पेकसाहेब ऑर्फाकडे वळले. "तो दणका मला हुबेहूब हवा. जमलं तर ती चूक नव्हती असं समजू. नाही जमलं तर सोमवारी वर जा."

ते तीन तास माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. ऑर्फानं मला वीस वेळा आपटलं, तीस वेळा आपटलं. प्रत्येक दणका खोटा. ठरवून कुणी दचकू शकतं का? कधी हात आधीच आवळायचा, कधी नंतर. माझ्या वरच्या फळीला बारीक तडा गेला, तो आजही आहे. शेवटी ती खाली बसली आणि रडायच्या बेताला आली.

ऑगी रोलचा डबा घेऊन शेजारी बसला. "खा. उपाशीपोटी कुणी चांगला खून केलेला मी पाहिला नाही."

"व्होयचिककाका, तुम्हाला त्या वेळी राग येतो का? डॉक्टर म्हणून?"

"राग कसला, पोरी? डॉक्टरला घाई नाही. सगळं त्याच्या मनासारखं चाललंय. घाबरलीय ती मुलगी."

ऑर्फा चावता चावता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "मग दार मी आपटलं," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरनं नाही."

"म्हणजे?"

तिनं उठून माझी किल्ली कुलपात घातली आणि अगदी सावकाश फिरवून पाहिली. तिचा बेत मला किल्लीच्या दातांतून कळला, आणि माझा थरकाप झाला. अहो, साहेबांनी दणका सांगितलाय. हुबेहूब सांगितलाय. पण दरवाज्याला जीभ असते ती फक्त कुलपाची.

साडेआठ वाजले. मी उघडलो. "डॉक्टर, तुम्ही?" बार झाला. ऑर्फा दचकली, तिचे खांदे उडाले, माझी मूठ तिच्या हातातच होती, म्हणून मला कळलं. पण हात हलला नाही. काचेपलीकडे पेकसाहेब दणक्याची वाट बघत होते. एक क्षण गेला. दोन गेले.

मग तिनं मला मिटायला सुरुवात केली. हळू. माझी कोठीघरातली सगळी कुरकुर एका लांब धाग्यासारखी बाहेर आली. कुलपाची जीभ खाचेत बसली. टक. किल्ली फिरली, एकदा, पुन्हा एकदा. आणि तिनं ती कुलपातून काढून घेतली. तोही आवाज मायक्रोफोननं टिपला.

वेल्माबाईंच्या हातून सुई पडता पडता राहिली. "दार... दार का लावलंत, डॉक्टर?" तो कापरा आवाज या वेळी अभिनय नव्हता.

पेकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. एका हातात घड्याळ. दार मिटायला नऊ सेकंद जास्त लागले होते, आणि आमच्यात नऊ सेकंद म्हणजे शेवटची वाक्यं हवेतच तुटणार. ऑगीनं कबुलीतली दोन वाक्यं कुणी न सांगता गाळली. शेवटच्या सुरावर साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावलं. वेळेवर संपलं, असा त्याचा अर्थ.

ते बाहेर आले. "मी दणका सांगितला होता."

"हो सर." ऑर्फा उभी होती, पण माझ्या आधारानं.

"डॉक्टरनं आपटलं नसतं."

"नाही सर."

त्यांनी तिची संहिता घेतली, 'दार आपटते' या शब्दांवर काट मारली आणि पेन्सिल तिच्याकडे दिली. "काय केलंत ते नीट लिहून ठेवा. आणि सोमवारी नऊला खालीच या. आत्याबाईंच्या खेळाची तालीम आहे. त्या सात वेळा येणार आहेत."

ती चौदा वर्षं खालीच येत राहिली. एमेट परत आला, एका कानानं अधू होऊन. तो तिच्या हाताखाली राहिला, आणि कधी कुरबुर केली नाही.

पुढे घरोघर चित्र दाखवणारी पेटी आली. तिला खरी दारं दाखवता येत होती. एकेक खेळ बंद पडला. मी तळघरात गेलो, मग भंगाराच्या यादीत. ऑर्फानं यादीतून माझं नाव खोडलं आणि मला आपल्या गावी, तलावाकाठी नेलं. तिथे मात्र तिच्या गॅरेजमध्ये बावीस हिवाळे माझ्यावर बर्फाचं फावडं टेकलेलं होतं. तिला संसार होता, नोकरी होती. माझी तक्रार नाही. फार तर थोडी कुरकुर.

आता मी गावच्या वाचनालयात असतो. शनिवारी दुपारी तिथे न्हावी येतो, एक निवृत्त परिचारिका येते, हायस्कूलच्या तीन मुली येतात. श्रुतिका स्वतःच लिहितात आणि गावच्या छोट्या केंद्रावरून थेट ऐकवतात. परवा मुलींनी नवा खुनी म्हणून ग्रंथपालबाईच घातल्या, आणि त्या खूश आहेत. ऑर्फाबाईंना आता फारसं ऐकू येत नाही. त्या माझ्या फळीवर तळवा ठेवून बसतात आणि मिटताना जी थरथर होते तिच्यावरून मुलींना सांगतात, "घाई केलीस. पुन्हा."

तुम्हीही या. दोन वाजता सुरू होतं. एकच विनंती आहे: उशीर झाला तर वाचनालयाचं बाहेरचं दार हातानं धरून लावा. ते काचेचं आहे, आपोआप मिटणारं. त्या बिचाऱ्याला अजून काही कळत नाही, आणि आत आमचं प्रक्षेपण चालू असेल.