ओवेन कार्नीचं नाव माझ्यावरूनच पुसलं

मी कीबोर्ड बोलतोय. सरकारी मराठीत मला कळफलक म्हणतात म्हणे, पण त्या नावानं आजवर मला कुणी हाक मारलेली नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर तुमच्या फोनकडे जा, तो सगळ्यांशी गोडच बोलतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंड दाबून आणलं आणि खोकं उघडलं ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि वर आम्ही अमेरिकन लोकांचे पूर्वज शोधायचो. तिकडच्या माणसांना आपला खापरपणजोबा कोण, कुठल्या जहाजातून आला, हे जाणून घ्यायची भारी हौस. जुन्या नोंदींचे फोटो कॉम्प्युटरवर बघायचे, वंशावळ मांडायची आणि पाठवून द्यायची, हे आमच्या ऑफिसचं काम.

मी कायम आडवा. मला स्क्रीन दिसत नाही, दिसते ती समोरच्याची हनुवटी आणि नाकपुड्या. पण बोटांवरून मला माणूस कळतो. खोटं लिहिताना हात हलका पडतो. साहेबाचा राग आला की एन्टर माझ्या टाळक्यात हाणतात आणि तोंडानं "येस सर" म्हणतात. फरसाण माझ्याच अंगावर खातात, त्यातली शेव अजून माझ्या पोटात आहे. एक गोष्ट मात्र फक्त माझ्याकडे असते. माणसानं काय लिहिलं आणि मग काय पुसलं, ते. जगाला उरलेलं दिसतं, पुसलेलं सगळं मी गिळून बसलेला असतो.

दोनतीन धसमुसळ्यांच्या हाताखालून गेल्यावर मी सपनाच्या टेबलावर आलो. जोगेश्वरीची पोरगी, इतिहास घेऊन बी. ए. झालेली. रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायची. दुपारी डबा उघडला की तिच्या आजीचा, सुंदराबाईचा फोन यायचाच. सपना फोन माझ्या कडेला टेकवून स्पीकर लावायची, त्यामुळे आजी माझ्याही ओळखीची झाली.

पहिल्याच महिन्यात सपनाकडे एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थाचं काम आलं. आडनाव कार्नी. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळात त्यांचा कुणी पूर्वज आयर्लंडहून तिकडे आला होता. तो कोण, एवढंच त्यांना हवं होतं. सगळ्या कार्नी कुळाचं संमेलन भरायचं होतं आणि तिथं वंशावळीचा मोठा बॅनर लागायचा होता.

सपना एकेक पिढी मागे सरकत डॅनियल ह्यू कार्नीपर्यंत पोचली. आता ह्याचा बाप कोण? तिनं क्षणभरही विचार केला नाही. सपना भीमराज साळवे म्हणजे भीमराजची सपना. तसा डॅनियल ह्यू म्हणजे ह्यूचा डॅनियल! मधलं नाव बापाचंच असतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तिकडे मधलं नाव आजीचं, मामाचं, एखाद्या संताचं, कुणाचंही ठेवतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच गावात ह्यू कार्नी सापडलाही. दोनशे एकर जमीन, पिठाची गिरणी, चर्चमध्ये पुढचा बाक. तपासायला टीम लीडर अनिरुद्ध होता, पण त्याच्याही नावात मधोमध बापच बसलेला. त्यानं डोळे झाकून पास केलं.

म्हातारेबुवा हरखले. जमीनदार पूर्वज कुणाला नको असतो? त्यांनी ह्यूसाहेबांचं छोटं चरित्र मागवलं, बॅनरशेजारी लावायला.

ते चरित्र लिहायला म्हणून सपना जुनी वर्तमानपत्रं धुंडाळू लागली आणि एका दुपारी तिची बोटं माझ्यावर थांबली ती थांबलीच. ह्यू कार्नीनं स्वतः दिलेली एक जाहिरात तिला सापडली होती. ती तिनं हळू आवाजात वाचली. "माझा आयरिश नोकर ओवेन कार्नी पळाला आहे. डाव्या भुवईवर वण. अंगात माझा जुना कोट. पकडून देणाऱ्यास इनाम."

मग तिनं चर्चची नोंद काढली. मुलगा डॅनियल ह्यू. बाप ओवेन.

हळूहळू सगळं जुळलं. ओवेनकडे जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते. भाड्याच्या बदल्यात कप्तानानं त्याची सात वर्षांची मेहनत विकली आणि ती विकत घेतली त्याच आडनावाच्या ह्यूनं. ओवेन पळाला, पकडला गेला, सात वर्षांत आणखी वर्षं वाढवून मिळाली. सुटल्यावर त्याला मुलगा झाला. पोराचं भलं व्हावं म्हणून असेल किंवा भीतीनं असेल, त्यानं मधलं नाव मालकाचं ठेवलं. म्हणजे ज्यानं राबवलं, ज्यानं माणसं पाठवून पकडून आणलं, तोच आता बाप म्हणून बॅनरवर चढणार! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मला ना तळपाय ना मस्तक, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

सपना तडक अनिरुद्धकडे गेली. तिचा आवाज मला टेबलावर ऐकू येत होता.

"माझी चूक झालीय. बाप चुकलाय त्यांचा. बदलायला पाहिजे."

"यार सपना, अडीचशे वर्षांपूर्वीचा बाप. तो काय केस करणार आहे का?"

"अरे, पण मालकाला बाप केलाय आपण!"

"क्लायंट खूश आहे ना? झकास चाललंय ना? मग कशाला उगाच वाट लावतेस?"

सपना परत आली ती डोळे पुसत. तेवढ्यात आजीचा फोन आला. सपनानं तिला सगळं सांगितलं, जाहिरातीसकट.

"पळाला का? लई बेस केलं," आजी म्हणाली.

"आजी, तुझ्या आजोबाचं नाव काय होतं गं?"

मग आजी म्हणाली, "न्हाय ठावं, बाय. गावात समदे त्येला जातीच्याच नावानं हाक मारायचे. आई एवढंच सांगायची, की डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. नाव असंल की त्येला. माणूस होता, नाव नसंल का?"

सपनानं डबा तसाच झाकला. आणि मग तिची बोटं माझ्यावर अशी पडली, अशी पडली, की पहिल्यांदाच मला मार खाताना बरं वाटलं. तिनं म्हाताऱ्यांना थेट मेल लिहिली. आधी लिहिलं, "आमच्या माणसांची नावं कुणी लिहिलीच नाहीत, तुमच्याचं लिहिलेलं आहे, ते तरी टाकू नका." ते तिनं पुसलं. ते माझ्याकडे आहे. पाठवलं ते साधं होतं. चूक माझी, पुरावे जोडले आहेत, तुमचा पूर्वज ओवेन, तो शूर होता. वंशावळीतही तिनं ह्यू काढून ओवेन बसवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. अनिरुद्धनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारेबुवांनी लिहिलं होतं, की बॅनर छापून झालाय, नातवंडांच्या टी-शर्टांवर गिरणी आलीय, पळून गेलेल्या नोकराची गोष्ट पोरांना काय सांगायची? ह्यूच राहू द्या.

वा रे वा! रक्त ओवेनचं, नाक ओवेनचं, आणि टी-शर्टावर गिरणी! त्या माणसानं समुद्र ओलांडला म्हणून तुम्ही आज संमेलनं भरवता, आणि त्याचीच तुम्हाला लाज?

"तूच टाकलंस ते नाव," अनिरुद्ध म्हणाला, "तूच काढ."

सपनानं दोन्ही हात मांडीवर घेतले. "मी नाही काढणार."

"बघ, तुझी नोकरी..."

"घे तुझी नोकरी. माझ्या हातानं नाही पुसणार."

मग तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि त्यानं माझ्या बॅकस्पेसवर बोट ठेवलं. एक. दोन. तीन. मी काय करणार होतो? दाबलं की उमटायचं आणि सांगितलं की पुसायचं, असा हा माझा जन्म. पोटातली शेव त्या बटणाखाली सरकावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, पण ती मेली हलली नाही.

चौथ्यांदा बोट पडायच्या आत सपनानं माझी वायर हिसकली. मला उचललं, काखेत मारलं आणि ती जिना उतरली.

"ए, ऑफिसचा आहे तो!" अनिरुद्ध वरून ओरडला.

"पगारातनं काप!" ती खालून ओरडली.

त्यांनी कापले, हेही सांगतो. आणि दुसरा कीबोर्ड जोडून उरलेलं अक्षरही पुसलं असणार. बॅनर ठरल्याप्रमाणे लागला असेल, त्यावर ह्यू असेल आणि त्याच्यापुढे उभं राहून माणसं हसत फोटो काढत असतील. मी त्यांना माफ केलेलं नाही.

आता मी जोगेश्वरीला असतो, सुंदराबाईच्या पत्र्याच्या पेटीवर. घरात कॉम्प्युटर नाही, माझी वायर पेटीवरून नुसतीच खाली लोंबते. सपना दुसरी नोकरी शोधतेय. आजी मला रोज पदरानं पुसते. परवा तिनं सपनाला विचारलं, "ह्यात नाव घालता येतं का गं?"

"येतं की. पण तुझ्या आजोबाचं नाव आपल्याला कुठं माहितीय?"

"मग त्या पळालेल्याचं घाल. त्येचं ठावं हाय न्हवं?"

सपनानं आजीचं वाकडं झालेलं बोट हातात धरलं आणि माझ्या एकेका बटणावर ठेवलं. ओवेनची इंग्रजीतली चारही अक्षरं आजीनं जोर लावून दाबली. पुढं स्क्रीन नव्हती, कुठं काही उमटलं नाही. तरी आजी म्हणाली, "हां, झालं."

तुमच्यापैकी कुणाकडे जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल, तर कृपा करून मला जोडा. ते नाव अजून माझ्या पोटात आहे. आणि त्याच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवा, डाव्या हाताला दोन बोटं नसलेल्या माणसासाठी.