वाटमाऱ्याची पावती

वेदांगच्या वर्गात त्या महिन्यात इतिहासाला इंग्लंडमधले वाटमारे होते. तीनशे वर्षांपूर्वी तोंडाला काळा रुमाल बांधून लंडनबाहेरच्या रस्त्यांवर घोडागाड्या अडवणारे. बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला होता. डावा रकाना 'स्टोरी', उजवा रकाना 'एव्हिडन्स'.

डावा रकाना वेदांगने अर्ध्या तासात भरला. एक वाटमाऱ्या काळ्या घोडीवरून एका दिवसात लंडनहून यॉर्कला पोचला. दुसऱ्याने गाडीतल्या बाईला रस्त्यातच नाचायची विनंती केली आणि नाच आवडला म्हणून निम्मे पैसे सोडून दिले. तिसरा विधवांच्या अंगठ्या परत करायचा. उजव्या रकान्याला वेळ लागला. कोर्टाच्या नोंदींप्रमाणे घोडीवाला मुळात खाटकाचा धंदा करणारा घोडेचोर होता, त्याच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, आणि त्याच्या टोळीने एका म्हाताऱ्या बाईला पैशांसाठी चुलीवर धरलं होतं. फाशीच्या दिवशी विकल्या गेलेल्या चोपड्यांनी त्याला रुबाब दिला.

कागदाच्या तळाशी शेवटचा प्रश्न होता: तुमच्या घरात सांगितली जाणारी अशी एखादी गोष्ट लिहा.

"हे सोपंय," दत्तप्रसाद म्हणाला. "आपल्याकडे आहे की."

वेदांगचा बाप दत्तप्रसाद वालावलकर अबुधाबीत एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होता. ती गोष्ट तो सहा वर्षं सांगत आला होता, गणपतीत, वाढदिवसांना, नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला. मार्च २००९. त्याची दुबईतली कंपनी बसली होती आणि मालक देश सोडून गेला होता. सगळं देणं मिळालं असं लिहून दिल्याशिवाय मॅनेजर कोणाला पासपोर्ट देत नव्हता, आणि देणं तर कोणालाच मिळालं नव्हतं. दत्तप्रसादचा व्हिसा रद्द झालेला. अबुधाबीची नोकरी हातात होती, पण गुरुवार, १९ मार्चपर्यंत पासपोर्ट जमा केला तरच. त्याच्या बायकोने, अनुपमाने, सामान बांधायला घेतलं होतं. वेदांग तेव्हा तीन वर्षांचा होता.

मॅनेजरने एक्केचाळीस पासपोर्ट एका खोक्यात भरले आणि कंपनीच्या पिकअपमधून रास अल खैमाच्या गोदामाकडे रवाना केले.

"आणि रस्त्यात," दत्तप्रसादने आवाज खाली आणला, "चांदण्या रात्री, एमिरेट्स रोडवर, एक पांढरी 'पॅट्रोल' जीप आडवी आली. आतून उंचापुरा माणूस उतरला. तोंडाभोवती गुत्रा, तो अरबी रुमाल, फक्त डोळे दिसतायत. इंग्रजी एकदम हेडमास्तरसारखं. म्हणाला, खोका दे. ड्रायव्हर रडायला लागला, तर त्याच्या खिशातून पडलेले दोनशे दिरहम उचलून त्याच्याच हातात ठेवले. दुसऱ्या दिवशी खोका अल क्वोजच्या आमच्या ऑफिसच्या दारात. एकही पासपोर्ट कमी नाही."

"हू वॉज ही?"

"कोणालाच माहीत नाही. मला एकदा भेटायचंय त्याला. थँक यू म्हणायचंय, बस."

हे तो नेहमीच म्हणायचा आणि ते खरं होतं. दर मार्चमध्ये तो तारीख विसरायचा नाही.

वेदांगने डावा रकाना लिहून काढला. "ओके. अँड व्हॉट्स द एव्हिडन्स?"

"मीच एव्हिडन्स."

"यू वेअरन्ट देअर, पपा."

अनुपमा हसली. "जज्जसाहेब, थांबा जरा." तिने कपाटावरून २००९ची फाइल काढली. तिच्याकडे प्रत्येक वर्षाची फाइल होती.

रद्द झालेल्या व्हिसाच्या झेरॉक्समागे टाचणीला एक पिवळी चिठ्ठी होती. दत्तप्रसादला ती आठवली. पासपोर्ट हातात पडले तो दिवस त्या चिठ्ठ्यांमुळे लांबला होता. कंपनीचे कागद सांभाळणारा फ्रँक तुस्कानो, वसईचा, याने तो खोका कॅफेटेरियात नेऊन, टेबल टाकून एक्केचाळीस जणांना आडनावाप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. प्रत्येकाची चिठ्ठी, प्रत्येकाची सही, नंबर तपासून मग पासपोर्ट. चार तास. जुन्या कंपनीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून जोक चालायचा, की लुटारूने दहा मिनिटांत काम केलं आणि फ्रँकने चार तास. त्याने स्वतःचा पासपोर्टसुद्धा चिठ्ठीवर घेतला होता. देणार फ्रँक तुस्कानो, घेणार फ्रँक तुस्कानो, दोन्हीकडे सही.

दत्तप्रसादने ती चिठ्ठी सहा वर्षांत वाचली नव्हती. आता वेदांगने पासपोर्ट कुठून आला ती खालची ओळ वाचली.

"इट सेज, रिसीव्ह्ड फ्रॉम बी. परब, ड्रायव्हर. एमिरेट्स रोड पेट्रोल पंप. सेव्हन्टीन्थ मार्च, थ्री फॉर्टी पी.एम. रिसीव्ह्ड बाय एफ. तुस्कानो." त्याने वर पाहिलं. "पपा, थ्री फॉर्टी इज नॉट मूनलाइट."

अनुपमाने चिठ्ठी घेतली, पुन्हा वाचली आणि नवऱ्याकडे दिली.

"फ्रँक कधी जातोय म्हणालास?"

फ्रँक साठ पूर्ण करून कायमचा वसईला निघाला होता. ग्रुपवर मेसेज येऊन आठवडा झाला होता आणि दत्तप्रसादने त्याखाली फक्त अंगठा दाखवला होता.

"शनिवारी," तो म्हणाला. "सकाळच्या फ्लाइटने."

तो दिवस गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तो वेदांगला घेऊन रास अल खैमाला निघाला. थेट फ्रँककडे जायला हवं, असं अनुपमाचं मत होतं. पण सहा वर्षं चुकीची गोष्ट सांगून झाल्यावर दत्तप्रसादला आता अंदाजावर आभार मानायचे नव्हते. आधी ड्रायव्हर.

भिकाजी परब तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात ट्रेलर चालवत होता. खोलीबाहेर खुर्च्या मांडून त्याने चहा आणला. दत्तप्रसादने चिठ्ठी पुढे केली. भिकाजीने ती पाहिली, मग वेदांगकडे पाहिलं.

"पोराक कित्याक आणलास साहेब? माझी इज्जत काढूक?"

"तोच घेऊन आलाय मला."

"मगे ऐका." भिकाजीने कप खाली ठेवला. "कोण लुटारू नाय नि फिटारू नाय. फ्रँकसायबाचो फोन इलो. 'भिकाजी, खोक्याची चिठ्ठी खंय आसा?' माझे हातपायच गार."

"चिठ्ठीसाठी?"

"तुमी हसतास. माका एकदा अबुधाबीहून परत पाठवलेलो त्यांनी, नकाशाच्या एका गुंडाळीची चिठ्ठी नव्हती म्हणून. दीडशे किलोमीटर! सहा वर्सां एकच पाठ: चिठ्ठीशिवाय ऑफिसातली टाचणीसुद्धा गाडीत चढूची नाय. नि मॅनेजरान तर खोको तसोच मागे टाकलेलो. मी पंपावर गाडी लावलंय. अर्ध्या तासान फ्रँकसायब टॅक्सीतून उतरले. घामाघूम. हातात चिठ्ठ्यांचा बुक."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'हे विदाउट ट्रान्समिटल, चिठ्ठीशिवाय, निघालंय, परत घेतोय.' बॉनेटवर बुक ठेवून एक्केचाळीस नंबर उतरवून घेतले. उन्हात. सही केली नि गुलाबी कॉपी माका दिली. म्हणाले, मॅनेजरांक दाखव, तुझ्यावर काय येवचा नाय."

"मग दाखवलीस?"

भिकाजीने मान हलवली. "तेंच्या नावाची सही त्यावर, साहेब. तेंचोच व्हिसा मॅनेजरच्या हातात. नवी नोकरी मिळाली तरी मॅनेजरान ना हरकत दिल्याशिवाय जाऊक गावना नाय. ती चिठ्ठी दाखवली असती तर फ्रँकसायब खलास. माका खोटा बोलूक येत नाय, पण त्या दिवशी बोललंय. म्हटलंय, तोंड बांधलेलो माणूस इलो, पांढरी जीप, खोको घेऊन गेलो. मॅनेजर पोलिसांत जातलो तर लोकांचे पासपोर्ट खोक्यात कशे, हां तेकाच विचारतले. गप बसलो."

"आणि दोनशे दिरहम?"

"तां लेबर कॅम्पातल्यांनी घातलां. चांदण्याचा पण. माझ्या गोष्टीत दुपारच होती." तो थोडा ओशाळला. "हेडमास्तराचा इंग्लिश मात्र माझा."

वेदांगने वही काढली होती. मालवणी त्याला अर्धीच कळली, पण नेमकं काय विचारायचं ते कळत होतं. "अंकल, डू यू स्टिल हॅव द पिंक कॉपी?"

भिकाजी आत गेला. लायसन्सच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला. शाई फिकी पडली होती, पण वाचता येत होती. १७ मार्च २००९. ३.४०. एक खोका, पासपोर्ट ४१. खाली स्वच्छ, पूर्ण, नाव वाचता येईल अशी सही.

पळवताना स्वतःच्या नावाची पावती देणारा हा माणूस. दत्तप्रसादने तो कागद बराच वेळ धरून ठेवला.

"दर वर्सां वाटता फाडूया," भिकाजी म्हणाला. "पण तेंची चिठ्ठी फाडूचो धीर होत नाय. तुमीच परत करा. नि सांगा, भिकाजीन उशीर केलो."

दत्तप्रसाद उठला आणि भिकाजीच्या पाया पडला. भिकाजी वयाने दोनच वर्षांनी मोठा होता, तो दचकून मागे सरला. "ओ, ओ साहेब! यल्ला, जावा आता, दुबईत ट्रॅफिक लागतला."

दुबईच्या करामा भागात फ्रँकच्या फ्लॅटमध्ये नऊ खोकी भिंतीला लागून उभी होती. प्रत्येकावर नंबर, प्रत्येकावर आतल्या वस्तूंची यादी. फ्रँकची बायको कॉन्सेप्टा दहावं खोकं बांधत होती.

"ये दत्ता, बस कुठे जागा मिळाली तर. कार्गोवाला किलोला सात दिरहम म्हणतो, म्हणजे एकशेवीस रुपये. एवढ्यात वसईत नवीन मिक्सर येईल. पण ह्यांच्या फाइली मात्र निघाल्या पाहिजेत!"

"त्या इम्पॉर्टंट आहेत," फ्रँक आतून म्हणाला. तो बाहेर आला. बुटका, टक्कल पडलेला, गळ्यात चष्म्याची दोरी, डायबेटिसवाल्यांच्या मऊ चपला. वेदांगने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

दत्तप्रसादने बोलायचं काय ते गाडीत ठरवलं होतं. पण आधी त्याने गुलाबी कागद काढून पुढे धरला.

फ्रँकने चष्मा चढवला. नंबर पाहिला. "अकराशे सत्तेचाळीस," तो म्हणाला. "सापडली? कॉन्सेप्टा, अगं अकराशे सत्तेचाळीस सापडली!"

"सहा वर्षं ह्या नंबरावरून माझं डोकं खाल्लंय," कॉन्सेप्टा म्हणाली.

"भिकाजीकडे होती," दत्तप्रसाद म्हणाला. "तुमचं नाव पुढे येऊ नये म्हणून लपवली. तो तोंड बांधलेला माणूस त्यानेच उभा केला."

फ्रँक खाली बसला. हे त्याला माहीत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "भिकाजीने? मला वाटलं हरवली त्याने. मी त्याच्यावर चिडून होतो. तो लुटारू कुठून आला तेच मला कळेना. म्हटलं, लोकांना हवाय तर असू दे."

"फ्रँकभाऊ, तुम्ही सांगितलं का नाही? आम्ही तुमच्यावर जोक करत होतो. चार तासांचे."

"पहिलं वर्ष सांगण्यासारखं नव्हतं. नंतर कोणी विचारलं नाही. आणि लपवलं कुठे मी? प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिलंय ना. इट वॉज इन द रेकॉर्ड."

"अंकल, वेअर यू स्केअर्ड?" वेदांगने विचारलं.

फ्रँकने प्रश्नाचा नीट विचार केला. "येस. टॅक्सीत खूप. मग बुक उघडलं आणि नंबर लिहायला लागलो. लिहिताना भीती वाटत नाही."

वेदांगने ते उजव्या रकान्यात उतरवलं.

"मी गुरुवारी सकाळी अबुधाबीला पासपोर्ट दिला," दत्तप्रसाद म्हणाला. "एकोणीस तारखेला. शेवटच्या दिवशी. ही नोकरी, हा इथे शाळेत, सगळं..." तो थांबला. "थँक यू. उशीर झाला."

फ्रँकने मान डोलावली. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्याने तिसरं खोकं उघडायला लावलं. कॉन्सेप्टाने कपाळाला हात लावला, पण चिकटपट्टी कापली. फाइल निघाली. पांढऱ्या प्रतीमागे गुलाबी प्रत लागली. फ्रँकने पुढची पानं चाळली आणि तेविसाव्या पानावर थांबला.

"दत्ता, तू घाईत होतास. सही केलीस, तारीख घातली नाहीस."

दत्तप्रसादने पेन घेतलं आणि १८ मार्च २००९ अशी तारीख घातली. शेजारी 'रिमार्क्स'चा रकाना रिकामा होता. तिथे त्याने लिहिलं: 'पासपोर्ट वेळेत मिळाला. आभारी आहे. १३ मार्च २०१५.'

"रिमार्क्समध्ये पर्सनल लिहायचं नसतं," फ्रँक म्हणाला.

"खोडू?"

"नको." फ्रँकने फाइल स्वतःकडे ओढली. "रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही."

त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग चष्मा काढून पुसला, फाइल खोक्यात ठेवली आणि वरची चिकटपट्टी स्वतःच्या हाताने लावली.